च्च म्हणजे नाही

दारावर चिकटवलेल्या कागदावर तेरा सूचना होत्या. पहिल्या अकरा सगळ्यांनी निमूटपणे मान्य केल्या. भांडण पेटलं ते बाराव्या सूचनेवरून.

"‘बाईसाहेबांसमोर कुणीही च्च च्च करू नये,’" भाऊजींनी चष्मा कपाळावर सरकवून खणखणीत आवाजात वाचलं. "ही काय सूचना झाली? माणसाला वाईट वाटलं तर त्याने करायचं काय? शिट्टी मारायची?"

"मारा की," धाकटी सून म्हणाली. "शिट्टी तिला आवडते."

जाऊबाई फिसकन हसल्या आणि नवऱ्याने, म्हणजे भाऊजींनी, बघताच त्यांनी त्या हसण्याचा खोकला करून टाकला.

चार वाजून दहा मिनिटं झाली होती. सहाला धाकटीला हॉस्पिटलात दाखल व्हायचं होतं. नऊ वर्षं लेकीला उचलून उचलून तिच्या पोटाची शिवणच उसवली होती. उद्या सकाळी हर्नियाचं ऑपरेशन. तीनदा तिने ते पुढे ढकललं. तिसऱ्यांदा डॉक्टर म्हणाले होते, "चौथ्यांदा ढकललंत तर तारीख मी देणार नाही, तुमचं पोट देईल." पाच दिवस घराबाहेर, आणि आल्यावर तीन महिने पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही.

आणि बाईसाहेबांचं वजन होतं अठ्ठावीस किलो.

बाईसाहेब म्हणजे तिची नऊ वर्षांची मुलगी. हातपाय तिच्या ताब्यात नव्हते, बोलता येत नव्हतं. पण दोन शब्द होते. डोळे छताकडे वर केले की हो. जिभेने टाळूवर ‘च्च’ केलं की नाही. एवढ्या दोन शब्दांच्या जोरावर ती हे घर चालवायची, म्हणून तर नाव बाईसाहेब पडलं. घोटाळा एवढाच होता, की घरी येणारा प्रत्येक पाहुणा दारातच मान तिरकी करायचा आणि तिच्याकडे बघून म्हणायचा, च्च च्च च्च.

म्हणजे नाही, नाही, नाही.

दोन वर्षांपूर्वी धाकटी तापाने फणफणली होती, तेव्हा भाऊजींनीच ओळखीने बाईसाहेबांना चार दिवस एका संगोपन केंद्रात ठेवलं होतं. तिथली माणसं प्रेमळ होती, हाच तर घात झाला. जो तो खुर्चीपाशी येऊन हळहळायचा. पोरीने काय समजायचं ते समजली. पाणी नाही, फिरायला नाही, आई नाही. घरी आली ती गप्प. पुढचे तीन आठवडे तिने एकदाही ‘च्च’ केलं नाही. कडू औषध द्या, न आवडता फ्रॉक घाला, डोळ्यांवर ऊन येऊ द्या. ती नुसती बघत बसायची. पाहुणे म्हणाले, किती शहाणी झालीय! धाकटीला रात्र रात्र झोप लागली नव्हती.

आणि आज भाऊजींच्या फाइलीत त्याच केंद्राचा अर्ज होता. तीन प्रतींत. फक्त आईची सही राहिली होती. पाच वाजता केंद्राची गाडी येणार होती.

"मी नाही म्हणतच नाहीये," भाऊजी सूचनांचा कागद सोडून सोफ्यावर टेकले. आयुष्यभर एका मोठ्या कचेरीत आवक-जावक सांभाळून ते निवृत्त झाले होते. आलेली प्रत्येक गोष्ट कुठेतरी पाठवून दिली की ती सुटली, असं त्यांचं मत होतं. "तुमची ही जी काय संस्था आहे, तिने दोन माणसं तयार केली तर उत्तम. नाही झाली, तर संबंधित बालिका केंद्रात जाईल. ठरल्याप्रमाणे."

"संबंधित बालिका तुमच्या मागेच बसलीय, भाऊजी."

खिडकीजवळ चाकांच्या खुर्चीत पट्टा बांधून बसलेल्या बाईसाहेब या सगळ्यांकडे परीक्षकासारख्या बघत होत्या.

"आमची संस्था नाही हो साहेब," कंडक्टरबाई म्हणाल्या. त्या खरोखरच बसच्या कंडक्टर होत्या. वीस वर्षांचा मुलगा त्यांच्या घरीही असाच खुर्चीत होता. "अशा मुलांची अकरा घरं आहोत. दिवसा आमची माणसं पाळीपाळीने येतील. पण घरातली दोन माणसं तयार असल्याशिवाय आम्ही आईला दाराबाहेर पडू देत नाही. हा नियम."

"नियम कुणी केला? अध्यक्ष कोण?"

"अध्यक्ष नाही."

"मग सही कोण करतं?"

"कशावर?"

भाऊजींनी रागाने फाइल उघडली आणि अर्जावरच्या सहीच्या रिकाम्या जागेवर बोट आपटलं.

घरातली दोन माणसं. धाकटीने मनातल्या मनात पुन्हा मोजलं. एक नवरा. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. कुणाचं मन मोडायचं नाही म्हणून शुक्रवारी त्याने भावाला ‘बरोबर आहे’ म्हटलं, शनिवारी बायकोला ‘बरोबर आहे’ म्हटलं, आणि आज अडीचला कुठल्याशा इमारतीत तीन माणसं अडकल्याचा फोन येताच हत्यारांची पिशवी उचलून तो पळाला. अनोळखी माणसांची सुटका करणं त्याला नेहमीच सोपं जायचं. सासूबाई कोपऱ्यातल्या खुर्चीत मटार सोलत होत्या. नऊ वर्षांत त्यांनी नातीला एकदाही उचललं नव्हतं. थोरला बोलला की मान डोलवायची आणि पुढची शेंग उचलायची. त्यांना मोजण्यात अर्थ नव्हता.

राहिल्या जाऊबाई. कपाटाच्या वाटणीनंतर वर्षभर दोघींत धड बोलणं नव्हतं, तरी त्या आज ओढणी खोचून उभ्या राहिल्या होत्या.

"भरवायचं मी करते," त्या म्हणाल्या. "दोन पोरं वाढवलीत मी."

कुस्करलेल्या केळ्याची वाटी त्यांच्या हातात आली. पहिले चार चमचे सुरळीत गेले. हनुवटी खाली, छोटा चमचा, गिळल्याचं दिसल्यावर दुसरा. धाकटीच्या छातीवरचं ओझं जरा हललं.

मग जाऊबाईंनी लाडाने विचारलं, "आता नको ना गं आणखी?"

बाईसाहेबांनी डोळे वर केले. हो. म्हणजे, हो, नको.

"बघा, हवंय म्हणतेय!" आणि जाऊबाईंनी पाचवा चमचा दिला. "पोट भरलं नाही ना अजून?" पुन्हा विचारलं.

च्च. म्हणजे, भरलं नाही असं नाही.

"भरलं नाही म्हणतेय," म्हणत जाऊबाईंनी सहावा दिला.

"वहिनी, उलटा प्रश्न नाही विचारायचा! तेरावी सूचना!" धाकटी ओरडेपर्यंत बाईसाहेबांनी पाचवा आणि सहावा एकत्रच परत केला. तो नेमका भाऊजींच्या उघड्या फाइलीवर पडला.

भाऊजींनी शांतपणे वरची प्रत बाजूला केली. "म्हणूनच मी तीन काढून ठेवतो," ते म्हणाले. "साडेचार."

"घाई नको," कंडक्टरबाईंनी कोपऱ्यातून पांढरं यंत्र ढकलत आणलं. "आता बगळा शिकू."

बगळा म्हणजे माणूस उचलायचं यंत्र. एक खांब, पुढे आलेली लांब मान, तिच्या टोकाला चोचीसारखा आकडा, त्यात अडकवायची कापडी झोळी, आणि खाली पसरणारे दोन चाकांचे पाय. अकरा घरांत मिळून एकच बगळा होता. ज्या घरी अडचण, त्या घरी तो मुक्कामाला.

"हे खाली, हे वर, आणि हे लाल बटण फक्त संकटात. दाबलं की सगळं जागच्या जागी बंद," कंडक्टरबाईंनी सांगितलं. लक्ष देऊन ऐकताना दिसत होती ती एकटी धाकटी. जाऊबाई अंगावरचं केळं पुसत होत्या आणि भाऊजी तोंड उघडायच्या तयारीत होते.

"या असल्या आकड्याला मूल टांगायचं? याची कुणी तपासणी केलीय? खात्री कोण देतं?"

"दीडशे किलो उचलतं साहेब. तुम्ही बसून बघा."

"मी?"

"फाइल घेऊन बसलात तरी चालेल."

आता माघार घेतली तर लाज, आणि यंत्र मोडलं तर मुद्दा सिद्ध. भाऊजींना दोन्हीकडून फायदाच दिसला. ते अर्जाची फाइल छातीशी धरून ऐटीत झोळीत बसले. पट्टे आकड्यात अडकले. बगळा हळूहळू मान वर करू लागला, तसे भाऊजींचे गुडघे छातीशी आले, चप्पल गळून पडली, आणि आवक-जावक विभागाचे माजी प्रमुख जमिनीपासून चार फुटांवर गाठोड्यासारखे लोंबकळू लागले.

"ठीक आहे," ते वरून म्हणाले. "समजलं. खाली घ्या."

कंडक्टरबाईंनी खालचं बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. बगळा ढिम्म.

"खाली घ्या म्हटलं ना!"

कंडक्टरबाईंनी खांबाकडे बघितलं. मग शेजारी मटार सोलत बसलेल्या सासूबाईंकडे बघितलं. मग बसमध्ये चेहरा कोरा ठेवायची सवय असलेल्या माणसाच्या आवाजात म्हणाल्या, "तांत्रिक बिघाड दिसतोय. प्रवाशांनी सहकार्य करावं. मी बाहेरून चार्जर आणते."

धाकटी पॅसेजमध्ये धावली, कारण घरात फोनला रेंज तिथेच यायची. नवऱ्याने तिसऱ्या घंटेला उचलला.

"अहो, भाऊजी वर अडकलेत!"

"कोणत्या मजल्यावर?"

"मजल्यावर नाही, बगळ्यावर!"

मग तो सवयीने म्हणाला, "घाबरू नका म्हणावं. दार उघडायचा प्रयत्न करू नका."

इकडे भाऊजींनी सुटण्यासाठी जोरात पाय झाडले. बगळा चाकांवर घरंगळला, दाराच्या चौकटीत गेला आणि पसरलेले दोन्ही पाय चौकटीत पक्के रुतून बसले. धाकटी आणि कंडक्टरबाई पॅसेजमध्ये अडकल्या. आत उरल्या सासूबाई, जाऊबाई आणि बाईसाहेब. मधोमध दाराला तोरण बांधावं तसे भाऊजी. झोळी सावकाश गोल फिरत होती, त्यामुळे ते एकदा पॅसेजकडे तोंड करायचे, एकदा खोलीकडे.

"काय हे," जाऊबाईंना रडू यायच्या बेतात होतं. हातात वाटी तशीच होती. काहीतरी करावं म्हणून त्यांनी बाईसाहेबांच्या तोंडात एक चमचा घातला आणि नजर मात्र नवऱ्यावर ठेवली. "आई, यांना तहान लागली असेल का हो?"

"असेल बाई. घाम तर आलाय," सासूबाई म्हणाल्या.

"चष्मा काढून ठेवू का यांचा? टोचत असेल."

"ठेव. नाहीतर राहू दे. त्याला काय कळतंय वरती."

"मला विचारा ना!" भाऊजी फिरता फिरता ओरडले. "मी इथेच आहे! मला तोंड आहे! आणि माझ्या नाकाला खाज सुटलीय!"

जाऊबाईंनी मान तिरकी केली. "च्च च्च च्च."

"च्च च्च करू नकोस! मी काय मेलोय?"

यावर बाईसाहेब हसल्या. सगळं अंग उडवून, तोंड उघडून, गेल्या कित्येक महिन्यांत हसल्या नव्हत्या तशा. पॅसेजमध्ये धाकटीला ते हसू ऐकू आलं आणि तिलाही हसू फुटलं. मग ते ऐकू येईनासं झालं.

झोळी फिरून भाऊजींचं तोंड खोलीकडे आलं.

"हसतेय," ते म्हणाले. मग आवाज बदलला. "हसतेय पण आवाज नाहीये. अरे, आवाज नाहीये! ओठ निळे होतायत तिचे! केळं अडकलंय!"

कंडक्टरबाईंनी खांबाकडे हात लांबवला, पण तो खोलीच्या बाजूला होता. धाकटीने बगळ्याला खांदा लावला. रुतलेली चाकं हलली नाहीत. पोटात मात्र काहीतरी सर्रकन ताणलं गेलं आणि ती चौकटीला धरून वाकली. झोळी आणि खांबाच्या फटीतून तिला फक्त जाऊबाईंच्या हातातला चमचा दिसत होता.

"पट्टा सोडा! वहिनी, पट्टा! पुढे वाकवा तिला!"

जाऊबाई दगड झाल्या होत्या.

मटारचं ताट जमिनीवर आदळलं. दाणे चारी बाजूंना उधळले. सासूबाई दाणे तुडवत खुर्चीपाशी पोचल्या होत्या. पट्टा एका झटक्यात सुटला. डावा हात पोरीच्या छातीखाली, डोकं खाली, आणि उजव्या तळव्याने पाठीवर, दोन खांद्यांच्या बरोब्बर मधे. एक. दोन. तीन.

"अजून," भाऊजी वरून म्हणाले. त्यांनी झोळीचा पट्टा खांबाला धरून स्वतःचं फिरणं थांबवलं होतं. "अजून आलं नाही. आई, जरा जोरात."

चार. पाच.

केळ्याचा गोळा टप्पकन जमिनीवर पडला. मग घरघर, मग खोकला, मग भोकाड. सासूबाईंचा हात सहाव्यांदा उचलला गेला, तेवढ्यात रडण्याच्या मधूनच आवाज आला.

"च्च!"

सासूबाईंचा हात हवेतच थांबला. "बरं बाई. नाही मारत. थांबले."

बाईसाहेबांचे ओठ गुलाबी झाले. जाऊबाई जमिनीवर बसून हमसून हमसून रडत मटार गोळा करू लागल्या.

"आई," पॅसेजमधून धाकटीचा घोगरा आवाज आला, "तुम्हाला हे कधी..."

"नऊ वर्षं इथे मटार सोलतेय. डोळे काय शेंगांवर असतात होय माझे?"

"मग कधी हात का नाही लावलात?"

सासूबाईंनी पदराने नातीचं तोंड पुसलं. "ही तीन महिन्यांची असताना उचलायला गेले होते. तू ओरडलीस, ‘आई, राहू द्या!’ तेव्हापासून राहू दिलं."

धाकटीला ते आठवत नव्हतं. पण आपण तसं ओरडलो असणार, याची तिला पक्की खात्री होती. मन म्हणत होतं, मी काय चुकीचं ओरडले? आणि त्याच वेळी पोटातली कळ म्हणत होती, बघ, कुणाकुणाला राहू दिलंस ते.

खाली गाडीचा हॉर्न वाजला. पाच वाजले होते.

सगळ्यांनी वर बघितलं. अर्ज भाऊजींच्याच छातीवर होता, घामाने चिकटलेला.

"सही..." जाऊबाई चाचरल्या.

"सहीचं नंतर," भाऊजी म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीच्या निम्म्याने उतरला होता. "तिला कुणी विचारलंय का?"

कुणीच विचारलं नव्हतं. तेरा सूचना लिहिणाऱ्या आईनेही नाही. धाकटीने फटीतून मान पुढे काढली.

"बाळा. मी पाच दिवस जाणार आहे. पोट दुरुस्त करायला. जाऊ का?"

"च्च."

लख्ख, स्वच्छ, ठणठणीत नाही. धाकटीने डोळे मिटले. चौथ्यांदा. डॉक्टरला आता काय सांगायचं?

"घाल पुन्हा चौथा खोडा," सासूबाई कडाडल्या. "नऊ वर्षांची पोर आईला जा म्हणेल होय? म्हणाली असती तर मी घाबरले असते. तिला नाही म्हणता आलं, तू ऐकलंस. आता पुढचं विचार. जाणार तर तू आहेसच. तिच्यापाशी कोण, ते विचार."

धाकटीने पुन्हा फटीतून लेकीकडे बघितलं. "मी नसताना आजी आणि मोठे काका बघतील तुला. चालेल?"

बाईसाहेबांनी आजीकडे बघितलं. मग डोळे वर गेले.

"हो म्हणाली!" जाऊबाईंनी टाळी वाजवली.

"थांबा," कंडक्टरबाई म्हणाल्या. "वर साहेब लटकलेत. हो म्हणाली की त्यांच्याकडे बघितलं?"

प्रश्न बरोबर होता. बाईसाहेबांच्या खुर्चीतून छत आणि काका एका रेषेत येत होते.

"आधी मला खाली घ्या," भाऊजी म्हणाले. "मग परत विचारा. हे असं गृहीत धरायचं नाही. जाऊबाईंनी, आपलं, हिने मगाशी हाच घोळ घातला."

"पण यंत्र बिघडलंय ना," जाऊबाई म्हणाल्या.

सासूबाई उठल्या. खांबापाशी गेल्या. लाल बटण दोन बोटांत धरून उजवीकडे फिरवलं. टक्कन आवाज झाला, बगळ्याचा दिवा हिरवा झाला आणि भाऊजी सुंदर संथ गतीने खाली येऊ लागले.

"आई!" ते अर्ध्यावर असतानाच ओरडले. "तू? तू दाबलं होतंस?"

"पाचला दार उघडायला तूच पहिला धावला असतास," सासूबाई म्हणाल्या. "म्हटलं, जरा वेळ बस. बाई सांगत होत्या तेव्हा मी ऐकत होते. तुमच्यासारखी बोलत नव्हते."

कंडक्टरबाई छताकडे बघत होत्या. त्यांचा चेहरा कोरा होता.

भाऊजी जमिनीला टेकले. बगळ्याचे पाय मिटले, दार मोकळं झालं. धाकटी आत येऊन खुर्चीसमोर बसली. गुडघ्यावर बसताना पोट दाबून धरावं लागलं. छत रिकामं होतं. तिने तोच प्रश्न पुन्हा, सावकाश विचारला.

बाईसाहेबांनी आजीकडे बघितलं. एक चप्पल घातलेल्या, केस विस्कटलेल्या मोठ्या काकांकडे बरंच जास्त वेळ बघितलं. खालून दुसऱ्यांदा हॉर्न वाजला.

डोळे वर गेले.

"दोन प्रवासी मंजूर," कंडक्टरबाईंनी धाकटीची पिशवी उचलली. "चला. गाडी आलीच आहे खाली, रिकामी कशाला पाठवायची? हॉस्पिटल वाटेवरच आहे त्यांच्या."

"ती गाडी संबंधित बालिकेसाठी..." भाऊजी सवयीने म्हणाले, आणि स्वतःच थांबले. छातीवरचा अर्ज काढला, घडी घालून खिशात ठेवला. आवक झाली होती. जावक पहिल्यांदाच व्हायची नव्हती.

धाकटीने लेकीच्या कपाळाला कपाळ टेकवलं आणि मागे न बघता बाहेर पडली. जिन्याची पहिली पायरी उतरली तेवढ्यात मागून जाऊबाईंचं सुरू झालं, "च्च च्च, बिचारी..." आणि लगेच तोंडावर हात आपटल्याचा आवाज.

मग एक विचित्र प्रकार ऐकू आला. कुणीतरी शिट्टी मारत होतं. निम्मी हवा, निम्मी थुंकी, सूर कुठल्या कुठे. भाऊजी.

धाकटी कठड्याला धरून उभी राहिली. कंडक्टरबाई खालून म्हणाल्या, "काय झालं?" तिने बोट ओठांवर ठेवलं.

शिट्टी चालूच होती.

"च्च!" आतून खणखणीत आवाज आला.

शिट्टी त्या क्षणी बंद झाली.

धाकटी दुसऱ्या पायरीवर उतरली.